रुंद चाकं आणि करंजमाळची घसरी

मित्रांनो, मी एक जुनी मोटार आहे. माझ्या बॉनेटवर कोंबड्या बसतात. मागच्या सीटवर कुणीतरी गोवऱ्या रचून ठेवल्या आहेत. सुट्टीत लोणावळ्याला आलेली मंडळी भटकत भटकत वर येतात, मला बघतात, "अरेरे, काय गाडी होती!" म्हणतात आणि फोटो काढून जातात. मला त्या अरेरेची चीड येते. होती म्हणजे काय? मी आहे. आणि मी जे केलं ते चकचकीत गाड्यांपैकी एकीनेही केलेलं नाही. ते ऐका, मग काय म्हणायचं ते म्हणा.

माझा जन्म अमेरिकेतला. लांब नाक, दोनच दारं, स्टिअरिंग डाव्या हाताला आणि पोटात आठ सिलिंडरचं इंजिन. तिकडे अशा गाड्या पोरं शर्यतीला आणि मिरवायला घेतात. माझा सगळा जोर मागच्या दोन चाकांवर. पुढची चाकं नुसती वळतात, ढकलायचं काम मागच्यांचं. पण इंजिनाचं ओझं पुढे, मागचं अंग हलकं आणि मागची चाकं बारीक. सरळ, कोरड्या, डांबरी रस्त्यासाठी मला घडवलं होतं. घडवणाऱ्यांनी मावळ पाहिलेला नव्हता.

मुंबईच्या एका शेठने मला बोटीतून आणवलं आणि खंडाळ्याच्या बंगल्यावर ठेवलं. तेव्हा माझं कौतुक काय सांगू! रोज पुसणं, रोज पॉलिश. येणारे जाणारे माझ्या तांबड्या रंगावर हात फिरवायला बघायचे आणि शेठचा ड्रायव्हर त्यांचे हात झटकायचा. ते हात झटकलेले मला तेव्हाही आवडायचे नाहीत.

पावसाळ्यात शेठला पाहुण्यांना भुशीचं धरण दाखवायची हौस आली. धरणाच्या अलीकडे तांबड्या चिखलात माझी मागची चाकं जी फिरायला लागली, ती जागच्या जागीच. इंजिन वाघासारखं गुरगुरतंय आणि मी एक वीतही पुढे सरकत नाही. पाहुण्यांच्या पांढऱ्या कपड्यांवर चिखल उडाला. शेवटी वलवणच्या कोंडाजीने आपली बैलजोडी लावून मला ओढून काढलं. पुढच्या रविवारी तेच. त्याच्या पुढच्या रविवारी पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेला शेठ भर पावसात ओरडला, "हे धूड माझ्या नजरेसमोर नको! कोंडाजी, तुझे बैल ओढतायत ना, मग तुझ्याच घरी घेऊन जा!"

रागाने बोलला असेल, पण कोंडाजीने शब्द धरून ठेवला. मला सरळ वलवणला नेलं. मोठ्या माणसांचं रागातलं औदार्य दुसऱ्या दिवशी ओसरतं, म्हणून त्याने त्याच आठवड्यात कागद करून घेतले.

कोंडाजी शेतकरी, गाडीवान. लष्करातून परतलेल्या एका शेजाऱ्याकडून तो मोटार चालवायला शिकला. मग लोणावळा स्टेशनाबाहेर आम्ही दोघं उभी राहू लागलो. उन्हाळ्याचे, दिवाळीचे दिवस झकास जायचे. पण मृग लागला की कोंडाजी मला तिथेच ताडपत्रीखाली झाकायचा आणि बैल जुंपायचा. टॅक्सीवाला बजरंग रोज टोमणा मारायचा.

"काय कोंडाजीभाऊ, मेमसाहेब पावसात भाईर पडत न्हाई व्हय? सर्दी हुती का तिला?"

कोंडाजी हसायचा. मला हसू यायचं नाही. ताडपत्रीखाली चार महिने कुजायला मी समुद्र ओलांडून आले नव्हते.

ते बहात्तरच्या दुष्काळाच्या पुढचं वर्ष. भुशीच्या वर, पठाराच्या टोकाला करंजमाळ नावाची डोंगरवाडी आहे. तिथल्या माणसांना धान्य हवं तर लोणावळ्याच्या रेशन दुकानात उतरायचं आणि लाल मिलोचं, म्हणजे परदेशी ज्वारीचं, नाहीतर तांदळाचं ओझं डोक्यावर घेऊन चढायचं. वाडीच्या खाली एक अवघड वळण आहे, घसरी म्हणतात तिला. आदल्या पावसाळ्यात तिथे वाडीचा बुधा पोत्यासकट घसरला. पाय मोडला तो वाकडाच जुळला. तेव्हापासून घरचं ओझं त्याची बायको सावित्राबाई आणायची. तिच्या मानेत आता कळ भरायची आणि एका हाताच्या बोटांना मुंग्या यायच्या. आणखी एक पावसाळा असं ओझं वाहिलं तर तो हात कामातून जाईल, असं सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरने सांगितलं होतं. "मग घरात ओझं वाहील कोन, हे न्हाई सांगितलं त्यांनी," असं ती म्हणायची.

दुष्काळी कामावर वाडीने स्वतः खडी फोडून वरपर्यंत रस्ता काढला होता. मग त्यांनी अर्ज केला की रेशनचं दुकान वाडीतच द्या. एक साहेब पाहणीला आले. साहेब वाईट नव्हते, पण त्यांचं म्हणणं पक्कं होतं. पावसाळ्यात धान्य वर पोचणार नसेल तर दुकान उघडून करायचं काय? भर श्रावणात धान्य भरलेली मोटार घसरी चढून वाडीच्या तोंडाशी वाघोबाच्या दगडापर्यंत आलेली मला दाखवा, मी दुकान मंजूर करतो. नाही आली तर अर्ज निकाली. दिवाळीनंतर त्यांची बदली होणार होती आणि पुढच्या साहेबाला करंजमाळ कुठे आहे हेही ठाऊक नसणार, हे सगळ्यांना माहीत होतं.

सावित्राबाई आषाढात स्टेशनवर आली. एकेका ट्रकवाल्याला विचारलं, जीपवाल्याला विचारलं. कुणी नाही म्हणालं, कुणी हसलं. बजरंगने माझ्याकडे बोट दाखवलं.

"मावशी, ती हत्तीण बगा ताडपत्रीखाली. तिला न्या. चार बैल तेवढे संगं घ्या!"

बाकीचे हसले. ती हसली नाही. सरळ कोंडाजीपुढे येऊन उभी राहिली.

"भाऊ, ही तुमचीच ना?"

"व्हय. पर मावशी, ही चिखलात जागच्या जागी नाचती. वर न्हाई यायची."

"नाचती म्हंजी अंगात जोर हाय ना?"

"जोर लय हाय. त्येचीच तर कटकट हाय."

तिने ताडपत्री उचलली, वाकून माझी मागची चाकं बघितली आणि कपाळाला हात लावला. "अवं भाऊ, येवढं अंग आन् पाय शेळीचे! म्हशीचा खूर बगितला न्हाई का? चिखलात फाकतो, म्हून ती निगती भाईर. हिला म्हशीचे पाय लावा."

मित्रांनो, माझ्याविषयी इंजिनियर, शेठ, ड्रायव्हर, पाहुणे सगळे बोलले होते. माझ्या पायांकडे वाकून बघणारी ही पहिलीच.

कोंडाजी गाडीवान होता, त्याला ते पटलं. चिखलाच्या वाटेवरच्या बैलगाडीला रुंद धाव चढवतात हे तो लहानपणापासून बघत आला होता. धाव म्हणजे लाकडी चाकावरची लोखंडी पट्टी. तो दत्तोबा लोहाराकडे गेला. दत्तोबाने आख्ख्या मावळातल्या गाड्यांना धावा चढवल्या होत्या, आणि मोटारीला कधी हात लावलेला नव्हता.

"करशील का?" कोंडाजीने विचारलं.

"चाक ते चाक," दत्तोबा म्हणाला. "बैलाचं काय आन् मेमसाहेबाचं काय. काढ भाईर."

देहूरोडला लष्करी भंगाराचा लिलाव झाला होता, तिथून कोंडाजीने दोन टायर मिळवले. भोक माझ्या चाकाएवढंच, पण रुंदी दीडपट आणि नक्षी खोल, बोट बुडेल एवढी. आता एवढा टायर माझ्या बारीक रिमवर बसायचा कसा? दत्तोबाने रिम मधोमध कापली, दोन अर्ध्यांच्या मध्ये लोखंडी पट्टीचं कडं घातलं आणि गॅस वेल्डिंगवाल्याला बोलावून जोड भरून घेतला. मग चाक फिरवत ठेवून कडेला खडू धरला. जिथे खडूची रेघ उमटली तिथे चाक बाहेर आलेलं. तिथे ठोकायचं, पुन्हा फिरवायचं, पुन्हा खडू. रेघ सगळीकडून सारखी उमटेपर्यंत त्याने हातोडा खाली ठेवला नाही.

आतल्या बाजूला माझ्या स्प्रिंगांचे पाटे आहेत, तिकडे जागा नव्हती. म्हणून सगळी रुंदी बाहेरच्या बाजूला काढली. चाकं बसवली, नट आवळले. टायर आणि मडगार्डची कड यांच्यामध्ये दत्तोबाने बोटं घातली.

"दोन बोटं मोकळं. बैलगाडीला आमी येकच ठेवतो."

कोंडाजी माझ्याभोवती चक्कर मारून आला. मागून मी खरंच म्हशीसारखी दिसत होते, रुंद आणि पक्की. मला आतून वाटलं, आता कोण मला चिखलात धरून ठेवतो ते बघते.

दुसऱ्या दिवशी चाचणी. कोंडाजीच्या घरची भाताची पोती डिकीत आणि मागे घातली, वर सावित्राबाई आणि तिच्या वाडीच्या बाया बसल्या. बजरंग मजा बघायला आपली टॅक्सी घेऊन मागोमाग आला. भुशीच्या चिखलात मी घुसले. चाकांनी चिखल धरला! मित्रांनो, काय सांगू, इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझा जोर जमिनीला लागला. धरणाच्या पुढची चढण आली, मी एक खड्डा उतरले, आणि मागून आवाज आला खर्रर्र. पुन्हा खर्रर्र. जळक्या रबराचा वास सुटला. बाया ओरडल्या. कोंडाजीने ब्रेक मारला तोवर धूर निघत होता आणि उजव्या टायरला वीतभर चीर पडली होती. माझ्याच मडगार्डच्या कडेने माझाच टायर सोलला होता.

बजरंग खाली उतरला. "म्हशीला शिंगं बी फुटली काय भाऊ? सोताच्याच पायाला मारून घेती!"

कोंडाजीने पोती परत नेली आणि दत्तोबाच्या भट्टीपाशी दोघांची जुंपली.

"दोन बोटं म्हनलास तू!"

"व्हतीच दोन बोटं! आत्ता बग, हायेत का न्हाईत? घाल, घाल बोटं!"

रिकामी उभी होते मी. फट खरोखरच दोन बोटांची होती. दोघंही फटीकडे बघत राहिले, जणू मीच खोटं बोलत होते. सावित्राबाई एका दगडावर बसून मान चोळत होती.

"दादा," ती दत्तोबाला म्हणाली, "ही रिकामी असताना मापलीत तुमी?"

"मग? बैलगाडी रिकामीच मापत्यात."

"बैलगाडी बसती का खाली, माणसं बसल्यावर?"

दत्तोबाचा हात तसाच फटीत राहिला.

चूक कळली का तुम्हाला, मित्रांनो? बैलगाडीला स्प्रिंगा नसतात. पोती घाला, माणसं घाला, साटा, म्हणजे गाडीची बैठक, जिथे आहे तिथेच. चाक आणि साटा यांच्यातलं अंतर जन्मात बदलत नाही. माझं तसं नाही. मला भरलं की मी मागे बसते, खड्ड्यात आणखी बसते, आणि मडगार्ड टायरवर येतं. आयुष्यभर बैलगाड्या ओळखणाऱ्या दोन माणसांनी मला बैलगाडी समजून मापलं होतं. ती चूक दुसऱ्या कुणाकडून झालीच नसती.

"माझ्या डोईवर वझं घेतलं की माझी उंची कमी हुती," सावित्राबाई म्हणाली. "तिची न्हाई व्हायची? भरा तिला, आन् मग मापा."

दत्तोबा उठला. कानाच्या पाळीला हात लावून म्हणाला, "भरा."

त्या दिवशी जे झालं ते बघायला निम्मं वलवण गोळा झालं. पोती भरली. मागच्या सीटवर बाया दाटीवाटीने बसल्या. डिकीत आणखी दोघी. दत्तोबाने टायरवर ओला चुना फासला आणि माझ्या खाली उताणा पडला.

"उड्या मारा!" खालून ओरडला.

"आगं बाई, गाडीत उड्या?" भागूबाई लाजली. ती सावित्राबाईची जाऊ.

"मारा गं!" सावित्राबाईने स्वतः सुरुवात केली. मी वर खाली, वर खाली. बाया हसून हसून एकमेकींच्या अंगावर पडत होत्या. खालून दत्तोबा शिव्या देत होता, कारण चुन्याचे शिंतोडे त्याच्या डोळ्यांत जात होते. पण मडगार्डच्या कडेला जिथे जिथे पांढरं लागलं, तिथे तिथे काय कापायचं ते आता उघड दिसत होतं.

दत्तोबाने छिन्नी उचलली आणि थांबला. "कोंडाजी, हिचा रंग जाईल. अंग जाईल. शेठची गाडी हाय."

"शेठची न्हाई," कोंडाजी म्हणाला. "काप."

मला कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर मीही तेच म्हणाले असते. कड कापली, उरलेला पत्रा तापवून आतल्या अंगाला दुमडला. चीर पडलेल्या टायरला आतून गेटरचं, म्हणजे जुन्या टायरच्या तुकड्याचं ठिगळ लावलं. मग पुन्हा पोती, पुन्हा बाया, पुन्हा चुना, पुन्हा उड्या. या खेपेला मडगार्डवर पांढरा ठिपकाही उमटला नाही.

श्रावणातला, साहेबांना दाखवायचा ठरलेला दिवस. सकाळपासून पाऊस नुसता कोसळत होता. सावित्राबाईने वाडीतली सगळी रेशनकार्डं गोळा करून आणली होती. लोणावळ्याच्या दुकानातून अख्ख्या करंजमाळचं महिन्याचं धान्य तिने उचललं आणि माझ्यात भरलं. कोंडाजीने विचारलं, "मावशी, चाचणीला वाळूची पोती घातली असती. ही फसली तर येवढं धान्य भिजंल."

"साहेब म्हनलेत धान्य, तर धान्यच," ती म्हणाली. "आन् फसली तर डोक्यावर न्यायचंच हाय की."

भुशी ओलांडली. पठार ओलांडलं. बाया मागून चालत होत्या, प्रत्येकीच्या हातात एकेक दगड. मी मागे घसरले तर चाकामागे टाकायला. त्याला उटी म्हणतात. घसरीच्या खाली साहेब छत्री धरून उभे. गुडघ्यापर्यंत चिखल. जीप त्यांनी खाली धरणापाशीच सोडली होती, कारण ती पुढे येत नव्हती. ते हे काही बोलले नाहीत, पण मी पाहिलं.

कोंडाजीने मागच्या टायरांतली थोडी हवा सोडली, म्हणजे ते आणखी पसरतात. मग पहिला गिअर. घसरी म्हणजे नुसतं तांबडं लोणी, वरून पाण्याचा लोट. मी अर्धी चढले. चाकांनी धरलं. आणखी थोडी. मग मागचं अंग डावीकडे सरकलं, दरीच्या बाजूला. चाक फिरलं आणि जमीन सुटली.

"उटी!" कोंडाजी ओरडला. बाया धावल्या, दगड पडले, मी थांबले. पुढे जाईना, मागे येईना. मडगार्डवरून पाणी वाहत होतं.

साहेब वर आले. हळू आवाजात म्हणाले, "बाई, तुम्ही प्रयत्न केलात. हे मी लिहीन."

प्रयत्न! मित्रांनो, त्या शब्दाने माझं इंजिन पेटलं. तुमचा प्रयत्न आम्ही लिहून घेऊ, असं म्हणून किती वाड्या खाली ठेवल्या असतील यांनी?

सावित्राबाई माझ्या मागच्या अंगाकडे बघत होती. "भाऊ, मागं वजन कमी पडतंय. भरल्या म्हशीचे पाय रुततात, रिकामी घसरती." तिने दार उघडलं. "साहेब, बसा आत."

"मी?"

"तुमीच. तुमचं वजन बरं हाय." भागूबाई पदर तोंडाला लावून खुदकन हसली, तशी सावित्राबाई म्हणाली, "मी बी बसते तुमच्या शेजारी, भिऊ नका. आन् तुमी दोघी डिकीवर चढा गं!"

साहेब खाली दरीकडे बघत राहिले. त्यांना नाही म्हणता आलं असतं. त्यांनी छत्री मिटली आणि धान्याच्या पोत्यावर बसले, सावित्राबाई त्यांच्या शेजारी. मी मागे बसले, खोल बसले. टायर मडगार्डच्या आत शिरले आणि कुठेही घासले नाहीत. कोंडाजीने क्लच हळूच सोडला. मी जोर लावला, अगदी हलका, वाघासारखी गुरगुर न करता. रुंद चाकांनी चिखल दाबला, खालचा मुरूम शोधला आणि धरला. इंचाइंचाने. साहेबांचे हात पुढच्या सीटला घट्ट. मागे बाया ओरडत होत्या, "धर बाय, धर!" त्या मला म्हणत होत्या. मी धरलं.

वाघोबाच्या दगडापाशी मी उभी राहिले तेव्हा माझ्या बॉनेटमधून वाफ निघत होती. काठी टेकत बुधा आला आणि माझ्या चिखलाळलेल्या अंगावर त्याने हात ठेवला. कुणी तो झटकला नाही.

साहेब उतरले, कपडे झटकले. "दुकान मंजूर," म्हणाले. बायांनी गलका केला. मग त्यांनी हात वर केला. "पण बाई, लेखी हुकूम यायला वेळ लागेल. तोपर्यंत तुम्हाला खालूनच..."

सावित्राबाईने डिकी उघडली होती. पहिलं पोतं खाली उतरत होतं. भागूबाई मापटं घेऊन बसली होती आणि वाडी रांगेत उभी राहत होती.

"हुकूम येऊ द्या सावकाश चालत, साहेब," ती म्हणाली. "धान्य मोटारीनं आलंय. वाटप आजपासनं."

साहेब वाघोबाच्या दगडाशेजारी उकिडवे बसले आणि त्यांनी स्वतः रेशनकार्डं वाचायला घेतली.

त्यानंतर काही वर्षं दर महिन्याला मी धान्य वर नेलं. हुकूमही आला, दुकानही झालं. सावित्राबाईने त्यानंतर लोणावळ्याहून धान्याचं ओझं कधी आणलं नाही. तिचा हात शाबूत आहे, त्या हाताने ती अजून भाताची लावणी करते. पुढे ट्रक येऊ लागला आणि कोंडाजीने मला दुकानामागे उभं करून ठेवलं, कारण माझ्या इंजिनाचे सुटे भाग मिळेनात. त्याचं मला दुःख नाही.

राग आहे तो वेगळ्याचा. ट्रक येतो म्हणून आता रस्त्याकडे कुणी बघत नाही. कडेच्या चरी दगडमातीने भरल्या आहेत, पाणी चरीतून न जाता रस्त्यावरून वाहतं. गेल्या पावसाळ्यात ट्रक खालीच थांबला आणि एक पोरगी डोक्यावर पोतं घेऊन घसरी चढली. मी पाहिली तिला. मला तिच्या मदतीला जाता आलं नाही.

मित्रांनो, माझा गंज पुसू नका. मला रंग देऊ नका, माझ्यासमोर उभं राहून हळहळू तर मुळीच नका. मृग लागायच्या आत फावडी घेऊन घसरीवर जा आणि त्या चरी उपसा. दुसरं काही मागत नाही.